घरचा पाव फुगत का नाही?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका सभासदाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलावे, असे कमिटीने ठरवले होते. त्यातील नोव्हेंबर महिन्यातील भाषणाचा हा मजकूर. तो वक्त्यांनी स्वतःच लिहून दिला असून बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सप्टेंबरमध्ये याच जागी आपल्या बी विंगमधल्या डॉक्टरांनी गुडघेदुखीवर भाषण केलं. ऑक्टोबरमध्ये काकांनी मृत्युपत्रावर. दोन्ही विषय इतके महत्त्वाचे की त्यांच्यामागून पावावर बोलायला मला जरा ओशाळल्यासारखं झालंय. पण सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुमच्या पावाचा वास जिन्यात येतो त्या दिवशी लोक लिफ्ट सोडून जिन्यानं चढतात. गुडघ्यांना तेवढाच व्यायाम. तुम्ही बोलाच." म्हणून उभी आहे.

एक खुलासा आधीच करते. मी बेकिंगचा कुठलाही कोर्स केलेला नाही. एकतीस वर्षं ऑफिसात हिशेब तपासले, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली ते शोधायची सवय तेवढी आहे. आज जे सांगणार आहे ते सगळं माझ्याच चुकांमधून आलेलं आहे. आणि त्या चुका ज्यांना खाव्या लागल्या ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेत.

तर एप्रिल २०२०. टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्या होत्या, लॉकडाऊन लागला होता. पहिले काही दिवस पाववाला सायकलवरून गेटपर्यंत यायचा. मग आपल्या सोसायटीत एक पेशंट निघाला आणि गेटला बांबू आणि पत्रे लागले. चौदा दिवस. तुम्हाला सगळ्यांना आठवतं ते, मी नव्याने सांगायला नको.

माझ्या सासूबाईही तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. पार्किंगजवळच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराला "कुणाचा रे तू?" विचारायच्या, त्या. तेव्हा त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या. कवळी सैल झाली होती आणि दातांचे दवाखाने बंद. त्यांचा सकाळचा नाश्ता वर्षानुवर्षं एकच, चहात बुडवलेला पाव. रात्रीही पुष्कळदा दूध-पावच. पाव बंद झाला आणि त्यांचं खाणंच बंद झालं. मऊ भात केला, खिमट केलं, पोळी दुधात कुस्करून दिली. दोन चमचे घ्यायच्या आणि ताटली सरकवायच्या. "पोटात जात नाही गं." सहाव्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बीपीच्या गोळ्या उपाशीपोटी नकोत. त्यांना जे जातं ते द्या." त्यांना जे जातं ते गेटच्या पत्र्यापलीकडे होतं.

मला खरं तर रागच आला होता. एवढं काय आहे त्या पावात? पण त्या वयात माणूस सवयीनं जेवतो, आणि सवय मोडायची ती वेळ नव्हती.

माळ्यावर ओटीजी होता, खोक्यातच. मुलानं दिवाळीला दिलेला. घरात मैदा होता. यीस्ट मात्र नव्हतं. आपल्या ग्रुपवर विचारलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. तिच्यात स्टीलची छोटी डबी, डबीत यीस्ट. मोजून तीन चमचे. त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं, "एका वेळी एकच चमचा टाका हो, बाजारात कुठेच मिळत नाहीये." म्हणजे माझ्या हातात तीन संधी होत्या.

पहिली मी पंधरा मिनिटांत घालवली. वाचलं होतं, यीस्ट कोमट पाण्यात भिजवा. मी म्हटलं, जरा जास्तच गरम घेऊ, लवकर फुगेल. पाणी कढत होतं. पीठ मळलं, झाकून ठेवलं. तीन तासांनी बघते तर ठेवलं तेवढंच. भाजून तर बघू म्हणून भाजलं. जे बाहेर निघालं ते बघून आमचे हे म्हणाले, "वाऱ्यानं दार आपटतं ना, तिथे लावायला बरं आहे." सासूबाईंनी तो गोळा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, विरजण लावताना दूध इतकं कढत घेतेस का?"

मैत्रिणींनो, आणि मित्रांनोसुद्धा, यीस्टचा अर्धा अभ्यास त्या एका वाक्यात आहे. विरजण लावताना आपण थर्मामीटर लावत नाही, करंगळी बुडवतो. करंगळीला सुखाचं वाटलं तर दह्याला सुखाचं. यीस्टचंही तेच. ते पावडरीसारखं दिसतं, पण पावडर नव्हे, जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारी एक बुरशीच ती, वाळवून झोपवलेली. साधारण ३५ ते ४० अंशांच्या पाण्यात ती छान जागी होते. ५५-६० अंशांच्या पुढे मरते. मेलेल्या यीस्टचा पाव जगातला कुठलाच ओव्हन फुगवू शकत नाही. आंबवणं हे जिवंत पेशींचं काम आहे, हे लुई पाश्चरनं एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये सिद्ध केलं. आपल्या आज्यांना शास्त्र ठाऊक नव्हतं, करंगळी ठाऊक होती.

आता जरा फुगण्याबद्दलच बोलू, कारण इथे गल्लत होते. फुगणारे पदार्थ आपल्याकडे काय कमी आहेत? फुलका फुगतो, पुरी फुगते, ती आतल्या वाफेनं. खमण फुगतो तो सोड्यानं. इडली, आंबोळी आणि खरी जिलबी मात्र पीठ आंबून हलकी होते. पाव या इडलीच्या घराण्यातला. पुष्कळ जण मला सांगतात, "मी बेकिंग पावडर घातली होती, तरी पाव दगड झाला." होणारच. बेकिंग पावडर केकला. यीस्टचं काम वेगळं. ते पिठातली साखर खातं आणि वायू सोडतं, तोच जो सोड्याच्या बाटलीत असतो. तो वायू धरून ठेवायला पिठात पिशव्या लागतात. गव्हाचं पीठ पाणी घालून मळलं की त्यात चिवट, रबरासारखं जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत ते नाही, म्हणून ज्वारीची भाकरी होते, पाव होत नाही. यीस्टनं वायू करायचा आणि जाळ्यानं तो धरायचा. या दोघांपैकी एक जरी रुसला तरी पाव बसलाच.

दुसऱ्या वेळी माझा हा दुसराच रुसला. या खेपेला पाणी करंगळीच्या हिशेबानं घेतलं. चिमूटभर साखर घालून यीस्ट दहा मिनिटं ठेवलं, वर मस्त फेस आला. जाड दाण्याचं यीस्ट असेल तर हे करायलाच हवं. बारीक दाण्याचं इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात चालतं, पण पाकीट जुनं असेल तर त्याचीही अशी परीक्षा घ्यावी. फेस आला नाही तर मैदा वाया घालवू नका. तर माझा फेस आला, मी खूश. मग मळायला घेतलं आणि पीठ हाताला चिकटायला लागलं. पोळ्या करणाऱ्या बाईच्या हाताला पीठ चिकटलं की ती काय करते? कोरडं पीठ लावते. मी लावत गेले, लावत गेले. शेवटी पोळीच्या कणकेसारखा छान घट्ट, गुळगुळीत गोळा झाला. आणि तो फुगला नाही. थोडा हलला म्हणू या. घट्ट पिठात यीस्टला जोरच करता येत नाही.

पावाचं पीठ पोळीसारखं नको, पुरणपोळीच्या कणकेसारखं हवं. सैल, लवलवीत, हातातून ओघळतंय की काय असं वाटणारं. चिकटू द्यायचं. पीठ लावायचं नाही, हाताला तेलाचं बोट लावायचं आणि दहा-बारा मिनिटं मळत राहायचं. ओट्यावर आपटायचं, लांब ताणायचं, दुमडायचं. पाचव्या मिनिटाला वाटतं की हे काही होत नाही. आठव्याला ते आपसूक ओटा सोडायला लागतं. मग लिंबाएवढा गोळा घेऊन चारी बोटांनी हळूहळू ताणून बघा. पापडाच्या लाटीसारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि फाटला नाही, तर जाळं तयार झालं. फाटला तर आणखी मळा.

दुसरा गोळाही त्या दारापाशी गेला. डबीत एक चमचा राहिला. नववा दिवस होता. सासूबाई आदल्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपल्या होत्या. मी यांना म्हटलं, "आता हे बिघडलं तर पुढे काय, मला माहीत नाही."

त्या दिवशी दुपारी सासूबाई स्वतःच खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या. त्यांचं माहेर सावंतवाडीकडचं. म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी गोव्याकडून पाव यायचा तो सुरेवर फुगवलेला. सूर म्हणजे माडाची ताजी ताडी. तिच्यात यीस्ट आपोआप असतंच. पाव पोर्तुगिजांनी आणला, शब्दही त्यांचाच. गोव्यात पाववाल्याला पोदेर म्हणतात आणि तो अजूनही सायकलचा भोंगा वाजवत येतो. सासूबाईंच्या वडलांना पाव घरात चालायचा नाही. मुलांनी तो पडवीत खायचा आणि हात-तोंड धुऊन आत यायचं. (हसू नका. आपल्या पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये नुसत्या चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांवर ग्रामण्य आलं होतं. तिथे पावाची काय कथा.) आणि तीच मुलगी शहाऐंशीव्या वर्षी पावासाठी अडून बसली होती.

मी पीठ मळलं, झाकलं आणि घड्याळ लावलं. एक तास. कृतीत तसंच लिहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ कशाला? इडलीचं पीठ घड्याळ बघून वर येतं का?"

इथे माझी सगळ्यात मोठी चूक होती आणि ती तुमच्यापैकी बहुतेकांची असेल. "एक तास ठेवा" हे वाक्य कुठल्या गावात, कुठल्या ऋतूत लिहिलंय ते आपण विचारत नाही. आपल्याकडे मे महिन्यात माझं पीठ चाळीस मिनिटांत दुप्पट होतं. डिसेंबरात त्याच पिठाला अडीच तास लागतात. यीस्ट तेच, मैदा तोच, हात तोच. थंडीत दही लागायला वेळ लागतो हे आपण समजून घेतो, पावाला मात्र समजून घेत नाही. तासाभरानं न फुगलेलं पीठ भट्टीत घालतो आणि यीस्टला नावं ठेवतो.

म्हणून बघायचं ते पिठाकडे. मी आता सरळ उभ्या बाजूंच्या पारदर्शक डब्यात पीठ ठेवते आणि पिठाच्या उंचीवर बाहेरून रबर लावते. रबरापासून दुप्पट वर आलं की झालं. पसरट परातीत ते किती वाढलं हे कुणालाच कळत नाही. दुसरी परीक्षा बोटाची. ओलं बोट पिठात एक पेरभर खुपसा. खळगा लगेच भरून आला तर थांबा. तसाच राहिला तर तयार. आणि बोट लावताच पीठ फुस्स करून खाली बसलं, तर तुम्हाला उशीर झाला. हेही होतं बरं का. जास्त फुगू दिलं की जाळं ताणून ताणून दमतं, आंबूस वास यायला लागतो आणि पाव भट्टीत गेल्यावर मधोमध खचतो. माझा एकदा खचला, कारण मी खाली भाजीवाल्याकडे गेले आणि तिथे बोलत राहिले. कुणाशी ते सांगत नाही, त्या इथे आहेत.

थंडीत पीठ कुठे ठेवायचं? बंद, थंड ओटीजीत. शेजारी उकळत्या पाण्याचं भांडं. पाणी गार झालं की बदला. ओटीजी चालू करायचा नाही, फक्त पेटी म्हणून वापरायचा.

त्या दिवशी पीठ पाऊण तासातच वर आलं, एप्रिल होता ना. घड्याळाची वाट बघत बसले असते तर तो शेवटचा चमचाही गेला असता. मी हवा काढली, गोळे केले, तेल लावलेल्या केकच्या डब्यात एकमेकांना जेमतेम खेटतील असे लावले आणि परत झाकले. हे दुसरं फुगणं पहिल्यापेक्षा लवकर होतं, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायचं. गोळे एकमेकांना चिकटून डब्याच्या काठाला आले की भाजायचे. ओटीजी त्याआधी पंधरा मिनिटं २०० अंशांवर तापलेला हवा. कोमट ओव्हनमध्ये पाव वर येण्याऐवजी नुसता वाळतो. तापलेल्या ओव्हनमध्ये पहिल्या काही मिनिटांत तो शेवटची उडी मारतो, मग यीस्ट मरतं आणि पाव आहे त्या आकारात घट्ट बसतो. पावाला सोळा-अठरा मिनिटं, अख्ख्या ब्रेडला तीस-पस्तीस. खालून टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा.

माझे पाव दिसायला काही ठीक नव्हते. एक मोठा, दोन लहान, एकाचा रंग गडद. सासूबाईंनी एक फोडला, नाकाशी धरला आणि चहात बुडवला. अर्धा खाल्ला. मग काही न बोलता बशी पुढे केली. मी उरलेला अर्धा ठेवला, तोही खाल्ला. गोळी दिली. यांनी वर जाऊन वहिनींच्या दाराबाहेर पिशवीत दोन पाव लटकवले आणि रिकामी डबी.

हो, पण यीस्ट संपलं होतं आणि गेट उघडायला अजून पाच दिवस होते. त्यावरचा उपायही सासूबाईंचाच. त्यांनी मला गोळे करण्याआधीच अडवलं होतं, "मूठभर ठेव बाजूला. विरजण संपवतं का कुणी?" ती मूठ झाकून फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात कालवून नव्या मैद्यात घातली. वेळ दुप्पट लागला, पण फुगलं. त्यातून परत एक मूठ. पाच दिवस तेच चाललं. फ्रान्समधले बेकरीवालेही जुन्या पिठाचा गोळा असाच राखतात, हे मी नंतर वाचलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तोपर्यंत सकाळचा पाव घरचाच होता.

बायका प्रमाण विचारतात म्हणून सांगते. अर्धा किलो मैदा, तीनशे ते सव्वातीनशे मिली पाणी किंवा निम्मं दूध निम्मं पाणी, दीड चमचा यीस्ट, दीड चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि दोन मोठे चमचे लोणी किंवा तेल. यीस्ट इन्स्टंट. मीठ यीस्टच्या डोक्यावर टाकू नका, मैद्यात मिसळून घ्या. मीठ यीस्टला आवरतं. म्हणून विसरलात तर पाव भराभर फुगतो आणि चवीला पिठूळ लागतो. साखरही भाराभर घालू नका, जास्त साखरेत यीस्ट मंदावतं. वाट्या-चमच्यांपेक्षा वजनकाटा बरा. यात मध्यम सोळा पाव होतात. फोडलेलं पाकीट घट्ट डबीत फ्रिजमध्ये ठेवा, मसाल्याच्या कपाटात नको.

कणकेचा पाव का फुगत नाही, हे डी विंगमधल्या सूनबाईंनी मला चार वेळा विचारलंय. कणकेत कोंडा असतो, त्याचे कण जाळ्याला कापतात. शिवाय चक्कीची कणीक पाणी जास्त पिते. आधी निम्मी कणीक, निम्मा मैदा घे. पाणी वाढव, कणीक भिजवून अर्धा तास ठेव आणि मग यीस्ट घालून मळ. मैद्याइतका हलका होणार नाही. तशी अपेक्षा ठेवून त्याला रोज टोचून बोलू नकोस.

आता कामाचं. २६ जानेवारीला आपल्या रौप्यमहोत्सवाचं जेवण आहे, पावभाजी ठरली आहे. पाव बाहेरून न आणता आपणच करायचे असं महिलांच्या बैठकीत ठरलंय. ४८ बिऱ्हाडं, घरटी पाच पाव धरले तर २४० पाव, म्हणजे साडेसात किलो मैदा. सोसायटीत सात ओटीजी निघाले आहेत, आठवा कुणाच्या माळ्यावर असेल तर खाली काढा. मळायला पुरुषांनी यायचं आहे, पहाटे पाच वाजता, खालच्या हॉलमध्ये. गुडघ्यांचं काम नाही, दंडांचं आहे. उकळतं पाणी पुरवायची जबाबदारी वहिनींनी घेतली आहे, त्याच, डबीवाल्या.

कमिटीला एकच विनंती. जानेवारीतली थंडी आहे, पीठ किती वाजता वर येईल हे मी आज सांगू शकत नाही. तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर जेवणाची वेळ साडेबारा छापू नका. "दुपारी" एवढंच छापा.